भिंत न बांधता उठवलेलं गिरणगाव

आज सुरुवात पॅरिसपासून, पण उतरायचं आहे लालबागला.

२००४ साली 'बाँल्यू १३' नावाचा फ्रेंच सिनेमा आला. पार्कूरवाल्या दाविद बेलच्या उड्यांसाठी तुमच्यापैकी अनेकांनी तो मोबाइलवर पाहिला असेल. त्याची गोष्ट काय? सरकार गरिबांच्या एका उपनगराभोवती भिंत घालतं. शाळा, पोस्ट, पोलीस, सगळं काढून घेतं. मग आत गँग माजतात आणि बाहेरचे म्हणतात, "बघा, ही माणसंच तशी!" शेवटी कळतं की वस्तीच उडवून द्यायचा बेत सरकारचाच होता. २००९ च्या दुसऱ्या भागात तर वस्ती पाडून तिथे नवं बांधकाम करायचा डाव असतो. थोडक्यात, मुद्दा जागेचा.

आता लालबागला या. इथे भिंत कुणी बांधली नाही. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. पगार थांबला, गिरण्या एकेक करून बंद पडल्या आणि चाळीतली पोरं रिकामी झाली. त्यातली काही गँगमध्ये गेली.

जयंत पवारांच्या 'अधांतर' नाटकात असंच एक घर आहे. त्यावरून २०१० मध्ये महेश मांजरेकरांनी 'लालबाग परळ' काढला. घरातला नरू गुंड होतो. पण आपल्या लक्षात कोण राहतं? नरूच! त्याची आई नाही. खरी गोची इथे आहे. पिस्तूल पडद्यावर भाव खाऊन जातं. खाणावळ चालवून गिरणगावाला जेवू घालणाऱ्या बायका मात्र मागे राहतात. प्रेमा पुरव यांनी याच बायकांना एकत्र करून १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. त्यावर थ्रिलर कोण काढणार?

आणि जागेचं काय झालं? १९९१ च्या नियमानुसार गिरणीची जमीन विकसित करताना तीन वाटे पडायचे: एक महापालिकेला, एक म्हाडाला, एक मालकाला. २००१ मध्ये नियम बदलला. वाटणी फक्त मोकळ्या जागेची होणार, असं ठरलं. पण गिरणीत मोकळी जागा असते किती? बहुतेक जागा शेडनीच व्यापलेली. साहजिकच लोकांचा वाटा आक्रसला. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि २००६ मध्ये कोर्टाने बदललेला नियम कायम ठेवला.

फ्रेंच सिनेमात वस्ती उडवायला बॉम्ब लागतो. आपल्याकडे नियमातला एक शब्द पुरला.

म्हणून पुढच्या वेळी पडद्यावर लालबागचा भाई दिसला, की एवढंच विचारा: याच्या बापाची गिरणी कुठली होती, आणि आज तिथे काय उभं आहे?

भेटू पुढच्या भागात. तोवर घरात कुणी गिरणीत काम केलेलं असेल, तर त्यांच्याशी जरा बोलून घ्या.