पल्ल्याचा पूर्वपक्ष

लहान बॅटरीची मोटार घेऊ नये, असं सांगणाऱ्यांचा पक्ष आधी नीट मांडला पाहिजे, कारण तो अगदीच पोकळ नाही. कंपनी अडीचशे किलोमीटर सांगते, रस्त्यावर दीडशे-दोनशेच्या मध्ये कुठेतरी काटा थांबतो. बॅटरी वर्षागणिक क्षीण होते, म्हणजे दीडशेचे पुढे शंभर होणार. मग बॅटरी बदलायची वेळ आली की खर्च इतका येतो की गाडी भंगारात काढलेली बरी. सबब घ्यायचीच तर मोठ्या बॅटरीची घ्या, नाहीतर पेट्रोल आहेच. हा युक्तिवाद लग्नाच्या पंगतीत आणि ऑफिसच्या कँटीनमध्ये इतक्यांदा ऐकू येतो की त्याला आता कोणी पुरावा मागत नाही.

पहिलं विधान खरंच आहे. टाटांची टिआगो ईव्ही २०२२ साली आली तेव्हा तिच्या १९.२ युनिटांच्या लहान बॅटरीला २५० किलोमीटरचा पल्ला जाहीर झाला. भागाकार केला तर किलोमीटरला ७७ वॉट-तास पडतात. ज्या भारतीय चाचणीतून हा आकडा येतो तिच्यात वेग ताशी ९० किलोमीटरच्या वर जात नाही आणि एसी बंद असतो. मे महिन्यात एसी लावून, चढ-उतार आणि सिग्नल धरून किलोमीटरला १२० वॉट-तास लागतील असं समजू. उरतात १६०.

पण १६० कमी, हे कोणाच्या हिशेबाने? इथे थोडा इतिहास पाहावा लागतो. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकी शहरांत विजेच्या मोटारी चांगल्याच रुळल्या होत्या. खुद्द हेन्री फोर्ड यांच्या पत्नी क्लारा १९१४ची डेट्रॉइट इलेक्ट्रिक चालवत. पल्ला अपुरा म्हणून या गाड्या हरल्या, हे पाठ्यपुस्तकी उत्तर. डच इतिहासकार खाइस मॉम यांनी ते उलटसुलट तपासलं. त्यांच्या मांडणीनुसार पेट्रोलची मोटार लोकांनी आरंभी पत्करली ती साहसाचं यंत्र म्हणून: शहराबाहेर पडायचं, वेगाने जायचं, वाटेत बिघडली तर हात काळे करायचे. शहरात मुकाट चालणारी गाडी या हौसेपुढे फिकी पडली. म्हणजे निकष आला सहलीतून आणि लागू झाला रोजच्या फेरीला.

आपल्याकडे या साहसाची जागा कोकणाने घेतली आहे. गणपतीला सावंतवाडी गाठता येईल का, या एका प्रश्नावर वर्षाचे उरलेले साडेतीनशे दिवस पणाला लावले जातात. कोथरूडहून खराडीला जाऊन यायला चाळीसेक किलोमीटर पडतात. त्याला साधारण पाच युनिटं लागतात. चार्जिंगमधली घट धरून साडेपाच. पंधरा अँपिअरच्या साध्या सॉकेटवर हे काम दोन तासांत होतं आणि रात्र आठ तासांची असते. न्यायशास्त्राच्या भाषेत ‘पल्ला कमी’ हा हेतू सव्यभिचारी आहे: गाडी निरुपयोगी असते तिथेही तो सापडतो आणि पुरून उरते तिथेही. त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. उलट वीस युनिटं जास्तीची घेतली तर बॅटरीचं वजन सुमारे दीडशे किलोंनी वाढतं. दोन धडधाकट पाहुणे मागच्या सीटवर कायमचे बसवून रोज ऑफिसला जाण्यासारखंच ते.

बॅटरी मरते, या दुसऱ्या विधानामागे दोन खरे दृष्टान्त आहेत. एक आपलाच. बंगळुरूची रेवा २००१ साली विक्रीला आली ती शिसे-आम्लाच्या बॅटऱ्या घेऊन, आणि तो संच काही वर्षांत बदलावाच लागे. ज्यांनी ती गाडी जवळून पाहिली त्यांचा धसका अजून गेलेला नाही, यात त्यांचा दोष नाही. दुसरा दृष्टान्त अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्याचा. निसान लीफ २०१०च्या अखेरीस बाजारात आली, २४ युनिटांची बॅटरी आणि तिथल्या सरकारी मोजणीने ७३ मैलांचा, म्हणजे ११७ किलोमीटरचा पल्ला घेऊन. २०१२च्या उन्हाळ्यात फीनिक्स शहरातल्या मालकांच्या डॅशबोर्डवरच्या बारा पट्ट्या एकेक करून विझू लागल्या. पहिली पट्टी विझणं म्हणजेच सुमारे १५ टक्के क्षमता गेलेली. त्या वर्षाअखेर कंपनीला क्षमतेची वेगळी हमी जाहीर करावी लागली.

मात्र या घटनेतून निघतो तो निष्कर्ष उष्णतेविषयी आहे. त्या लीफमध्ये बॅटरी थंड करणारी यंत्रणाच नव्हती आणि फीनिक्सचं ऊन म्हणजे आपला चंद्रपूर-अकोल्याचा वैशाख. टिआगोच्या बॅटरीत द्रवाने शीतन होतं आणि तिचे सेल लोह-फॉस्फेटचे आहेत, जे उष्णतेला बरेच जास्त टिकतात. प्रत्येक लहान गाडीत हे असेलच असं मात्र समजू नये. विदर्भातल्या माणसाने पल्ल्याआधी शीतनाची चौकशी करावी.

पूर्वपक्षातला हुशार माणूस इथे म्हणेल, तेवढंच अंतर कापायला लहान बॅटरी जास्त वेळा भरावी-रिकामी करावी लागते, म्हणून ती लवकर झिजणारच. आक्षेप रास्त आहे, हिशेब करू. रोज ४० किलोमीटर म्हणजे १६०चा चौथा हिस्सा. वर्षाला ९१ पूर्ण आवर्तनं, आठ वर्षांत सव्वासातशे. लोह-फॉस्फेटचे सेल दोन हजारांच्या पुढे जातात. आठ वर्षांत गाडी १ लाख १७ हजार किलोमीटर धावलेली असेल. टिआगोच्या बॅटरीची हमी आठ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरांची आहे. क्षमता २० टक्क्यांनी घटली तरी १२८ किलोमीटर उरतात, रोजच्या गरजेच्या तिप्पट.

हाच हिशेब पूर्वपक्षाच्या बाजूनेही लागतो, हे लपवायचं कारण नाही. जुन्या लीफचा मालक रोज ९० किलोमीटर जात असता, तर क्षमता ७० टक्क्यांवर येताच त्याला ८२ किलोमीटर मिळाले असते आणि तो वाटेत अडकला असता. म्हणून रोजची फेरी नव्या गाडीच्या खऱ्या पल्ल्याच्या निम्म्याहून जास्त असेल, तर लहान बॅटरी घेऊ नये. घरात एकच गाडी आणि दर पंधरवड्याला गावी जाणं असेल, तरीही नाही.

देखभालीबद्दल फार बोलण्यासारखं नाही. ऑइल, क्लच, स्पार्क प्लग नाहीतच. पण सल्ले उदंड. ‘८० टक्क्यांच्या वर चार्ज करू नका’ हा त्यातला लाडका. निकेलवाल्या बॅटऱ्यांना तो लागू पडतो. लोह-फॉस्फेटचा विद्युतदाब चार्जच्या मधल्या टप्प्यात जवळजवळ सपाट राहतो, त्यामुळे अधूनमधून १०० टक्के भरली नाही तर किती चार्ज उरला हे गाडीलाच नीट कळत नाही. गाडी एखाद्या सकाळी जागची हलली नाही तर संशय मोठ्या बॅटरीवर जातो, पण दोषी बहुधा १२ व्होल्टची छोटी निघते. ब्रेकचं बरंचसं काम मोटर करते, म्हणून पावसाळ्यात डिस्क गंजतात. मधूनमधून ब्रेक कचकचून दाबावा. टायर मात्र डोळ्यात तेल घालून पाहावेत.

खरा अडथळा पूर्वपक्षाने उचललेलाच नाही. पल्ल्यापेक्षा मोलाचा आहे तो गाडी जिथे रात्री उभी राहते तिथला सॉकेट. घरच्या असलेल्या वीजजोडावर चार्ज करायला केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांची मुभा आहे, आणि २०१९पासून नव्या इमारतींत २० टक्के पार्किंगला चार्जिंगची सोय ठेवावी असं आदर्श बांधकाम उपविधी सांगतात. पण पंचवीस वर्षं जुन्या इमारतीचं काय? तिथे आगीची भीती, केबल कुठून न्यायची याचा वाद, आणि ‘एकाला दिलं तर सगळे मागतील’ हे अजिंक्य वाक्य. ज्याची गाडी रस्त्याकडेला किंवा अशा सोसायटीत उभी राहते त्याच्यापुरता पूर्वपक्षाचा निष्कर्ष बरोबर, हेतू चूक. मोठी बॅटरी त्याला आठवड्यात दोनदा सार्वजनिक चार्जरपाशी ताटकळण्याऐवजी एकदा ताटकळवेल, इतकंच. त्याने शोरूमच्या आधी सोसायटीच्या सचिवांना गाठावं, आणि तार कोणत्या मीटरवरून येणार हे लेखी घ्यावं.