त्रिकास्थिभंगाची शस्त्रक्रिया

त्रिकास्थिभंगाची शस्त्रक्रिया : पाठीच्या कण्याच्या तळाचे त्रिकास्थी हे हाड मोडल्यावर ते जागेवर आणणे, स्क्रू किंवा सळ्यांनी पक्के करणे आणि त्यातून जाणाऱ्या मज्जातंतूंवर दाब आला असल्यास तो काढणे. दवाखान्यात या हाडाला ‘सॅक्रम’ म्हणतात. बोलताना मात्र कमरेखालचे सगळेच ‘माकडहाड’ होऊन जाते. खरे माकडहाड म्हणजे त्रिकास्थीच्या खाली लोंबणारे छोटे टोक. ते मोडले तर बसणे नकोसे होते, पण शस्त्रक्रिया क्वचितच लागते.

त्रिकास्थी पाच मणक्यांचे बनलेले असते आणि साधारण पंचविशीपर्यंत ते पाचही एकजीव होतात. दोन्ही कुशींना श्रोणीची हाडे घट्ट अस्थिबंधांनी जखडलेली असतात. डोके, हात आणि धड यांचा सगळा भार याच पाचरीतून पायांकडे जातो. हाडाच्या मधून एक कालवा आणि दोन्ही बाजूंना छिद्रांच्या चार जोड्या आहेत. त्यांतून बाहेर पडणारे दुसऱ्या ते चौथ्या क्रमांकाचे मज्जातंतू लघवी, शौच आणि लैंगिक क्रिया सांभाळतात. त्यामुळे हे हाड मोडले की प्रश्न केवळ चालण्याचा राहत नाही.

सुश्रुतसंहितेत श्रोणीच्या पाच हाडांत त्रिकाची गणना आहे. श्रोणी आणि पाठीचा कणा मोडल्यास रुग्णाला फळीवर निजवून, बाजूंना खुंट्या ठोकून हालचाल थांबवण्याचा ‘कपाटशयन’ हा उपायही तेथे सांगितला आहे. विसाव्या शतकातही बराच काळ उपचार याच धर्तीचे होते : अंथरूण, वजने आणि वाट पाहणे.

तरुण माणसात हे हाड मोडायला मोठा आघात लागतो : उंचावरून पडणे, वाहनाची धडक, अंगावर जड वस्तू कोसळणे. छत्तीसगडमधील भिलाईसारख्या पोलादनगरीत या तिन्ही शक्यता रोजच्या जगण्यात आहेत. सोव्हिएत सहकार्याने उभ्या राहिलेल्या येथील पोलाद कारखान्याचा करार 1955 मध्ये झाला आणि पहिली झोतभट्टी 1959 मध्ये सुरू झाली. शहरातून मुंबई–कोलकाता महामार्ग जातो. भिलाई ज्यात आहे तो दुर्ग जिल्हा 1956 पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या राज्यात होता. विदर्भातून गेलेली मराठी कुटुंबे तेथे पिढ्यान्‌पिढ्या राहत आहेत. कारखान्याचे सेक्टर 9 मधील जवाहरलाल नेहरू रुग्णालय शहराचा जुना आधार आहे. रायपूर तासाभराच्या वाटेवर असून तेथे 2012 पासून एम्स आहे.

रुग्णालय गाठेपर्यंतची वेळ फार मोलाची. परांचीवरून पडलेल्या माणसाला दोघांनी खांद्याला आणि दोघांनी पायांना धरून उचलले, तर मोडलेली श्रोणी आणखी उघडते आणि आतला रक्तस्राव वाढतो. त्याला फळीवर किंवा बाजेवर सरळ सरकवावे. चादरीची रुंद घडी करून, मांड्यांच्या बाहेरच्या बाजूला जी हाडे हाताला लागतात त्यांवरून ती आवळून बांधावी. लुगडेही चालते; छत्तीसगडीत त्यालाच लुगरा म्हणतात. बहुतेक जण ही घडी कमरेला बांधतात, तिथे तिचा उपयोग होत नाही.

या अस्थिभंगाचा सर्वांत मोठा धोका तो नजरेतून सुटण्याचा आहे. हाड वक्राकार, समोर आतड्यांतला वायू, म्हणून साध्या एक्स-रेत भेग सहज हरवते. पाचव्या कंबरमणक्याचा आडवा काटा मोडलेला दिसला तर अनुभवी डॉक्टर लगेच त्रिकास्थीकडे वळतात आणि सीटी स्कॅन करतात. त्याआधी, खाटेशेजारी उभे राहून करायची एक तपासणी आहे. पायाचा अंगठा वर उचलता येतो का, पाऊल खाली दाबता येते का हे पाहायचे. मग गुदद्वाराभोवती टाचणीचे टोक हलकेच टेकवून ‘टोचतंय का?’ विचारायचे. संकोचामुळे हीच तपासणी राहून जाते. शिवाय मूत्रनळी आधीच घातलेली असली तर लघवी तुंबल्याचेही कळत नाही. माझ्या मते या संपूर्ण उपचारातली सर्वांत स्वस्त आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट ती टाचणी आहे, आणि उत्तर वेळेसह कागदावर उतरवले पाहिजे.

फ्रान्सिस डेनिस व सहकाऱ्यांनी 1988 मध्ये 236 रुग्णांच्या अभ्यासातून केलेले त्रिकास्थीचे तीन विभाग आजही वापरात आहेत. भेग छिद्रांच्या बाहेर असेल तर मज्जातंतूंना इजा सुमारे 6 टक्के, छिद्रांतून गेली तर 28 टक्के आणि मधल्या कालव्यात शिरली तर 57 टक्के रुग्णांत आढळली. उंचावरून उडी मारलेल्यांत दिसणारी आडवी भेग फ्रान्सच्या रॉय-कामीय यांनी 1985 मध्ये वर्णन केली. तिच्यासोबत दोन्ही बाजूंना उभ्या भेगा असल्या की कणा श्रोणीपासून जवळजवळ सुटा होतो.

न सरकलेल्या, स्थिर भेगेला शस्त्रक्रिया लागत नाही. सरकलेल्या पण बंद पद्धतीने जागेवर येणाऱ्या हाडासाठी कुशीतल्या छोट्या छेदातून आडवा स्क्रू घालतात. सी-आर्म हे एक्स-रे यंत्र फिरवून वरून, खालून आणि बाजूने चित्र घेत आधी बारीक तार पुढे सरकवली जाते, मग तिच्यावरून सुमारे 7 मिलिमीटर जाडीचा पोकळ स्क्रू. जागा अरुंद. तार थोडी पुढे निसटली तर हाडाला चिकटून उतरणारा पाचवा कंबर-मज्जातंतू दुखावतो आणि पाऊल लुळे पडते. काहींच्या हाडाची घडणच वेगळी असते. त्यांच्यात ही वाट आणखी तिरकी होते. कणा सुटा झाला असेल तर रुग्णाला पालथे झोपवून कंबरमणके आणि श्रोणी सळ्यांनी जोडतात. दाब असेल तर त्याच वेळी मागचे हाड कापून मज्जातंतू मोकळे करतात. मज्जातंतूंचे काम किती परतेल हे सांगता येत नाही. पाठीची कातडी आतून सुटून खाली रक्त साचले असेल तर जंतुसंसर्गाची भीती मोठी. म्हणून कधी काही दिवस थांबावे लागते. दोन-तीन आठवडे उलटले तर मात्र हाड जागेवर आणणे अवघड होते.

छत्तीसगड आणि पूर्व विदर्भात सिकलसेल या रक्ताच्या आजाराचे प्रमाण जास्त आहे. म्हणून भूल देण्यापूर्वी त्याची तपासणी व्हायलाच हवी. असा रुग्ण गारठला, त्याच्या शरीरात पाणी किंवा प्राणवायू कमी पडला तर रक्तपेशी विळ्यासारख्या वाकून रक्तवाहिन्या अडवतात.

वृद्धांमध्ये, विशेषतः हाडे ठिसूळ झालेल्या स्त्रियांमध्ये, हेच हाड न पडताही तडकते. 1982 मध्ये लॉरी यांनी या प्रकाराकडे लक्ष वेधले. घरात ते कंबरदुखी म्हणून महिनोन्‌महिने अंगावर काढले जाते. बहुतेकांना वेदनाशमन, लवकर चालवणे आणि हाडांच्या ठिसूळपणावरचे औषध पुरते. उरलेल्यांना स्क्रू किंवा हाडात सिमेंट भरणे उपयोगी पडते.

शस्त्रक्रियेनंतर सहा ते बारा आठवडे दुखऱ्या बाजूवर पूर्ण भार देत नाहीत. कुबड्या किंवा वॉकर, कमोड आणि उंच खाट यांची सोय आधीच करावी लागते, कारण मांडी घालून किंवा उकिडवे बसणे सुरुवातीला वर्ज्य असते. लुळ्या पावलाला प्लास्टिकचा पट्टा देतात. लघवी सुटत नसेल तर दिवसातून चार-पाच वेळा स्वतः नळी घालायला शिकवतात. लैंगिक अडचणीबद्दल रुग्ण आपण होऊन सहसा बोलत नाहीत. पहिल्या फेरतपासणीतच डॉक्टरांनी ते विचारायचे असते.