रेवन शर्मनसाठी उभे राहिलेले विद्यार्थी

वर्तमानपत्रातील चित्रमालिकेत एक पात्र मरते आणि शिकागोच्या लोयोला विद्यापीठातील ४५० विद्यार्थी त्याला आदरांजली वाहण्यासाठी एकत्र जमतात, हे प्रथम वाचले तेव्हा आम्हांस हसू आले होते. संत इग्नेशियसचे नाव धारण करणाऱ्या, येशूसंघीयांनी चालविलेल्या विद्यापीठात हा पोरखेळ! पुढे त्या दिवसांतील चित्रपट्ट्या पाहण्यात आल्या आणि ते हसू ओसरले.

मिल्टन कॅनिफ या चित्रकाराची ‘टेरी अँड द पायरेट्स’ ही साहसमालिका २२ ऑक्टोबर १९३४ रोजी अमेरिकेत सुरू झाली. टेरी हा पोरसवदा नायक चीनमध्ये येतो आणि चाचेलोकांशी झुंजतो, असा प्रारंभीचा मामला. परंतु १९३७ साली जपानने चीनवर चाल केली आणि खरे युद्ध चित्रांच्या चौकटीत शिरले. मालिकेचे मालक अमेरिकेने युद्धात पडू नये या मताचे होते, म्हणून कॅनिफ शत्रूला जपानी न म्हणता नुसते ‘आक्रमक’ म्हणत असे. वाचक काय ते समजत होते.

याच कथेत रेवन शर्मन आली. श्रीमंत घरची ही अमेरिकन तरुणी युद्धाने पोळलेल्या चिनी जनतेसाठी मदतकार्य करीत होती. अमेरिकेतील कॅथलिक घरांना असे काम परके नव्हते. मेरीनोल संघाच्या भगिनी १९२१ पासून चीनच्या मिशनसाठी जात होत्या. रेवन काही धर्मभगिनी नव्हे, स्वभावानेही बरीच तिखट. पण दुसऱ्याच्या दुःखासाठी घर सोडणारी बाई वाचकांनी ओळखली असावी, असे आम्हांस वाटते.

कॅप्टन जुडास नावाच्या खलपुरुषाने तिला धावत्या ट्रकमधून ढकलून दिले. (यूदाचे हे नाव उगीच आलेले नाही!) वाचक तिच्या बचावाची वाट पाहत राहिले. साहसकथेत चांगली माणसे अखेर वाचतातच, हा तर अलिखित करार. १६ ऑक्टोबर १९४१ च्या अंकात रेवनने प्राण सोडला. तिच्यावर प्रेम करणारा वैमानिक ड्यूड हेनिक जवळ होता. त्या ओसाड डोंगरातच तिला मूठमाती मिळाली.

कॅनिफकडे पत्रांचा पाऊस पडला. कोणी शोक केला, कोणी संताप. हे सारे भाबडेपण म्हणून सोडून देणारे पंडित आहेत. आम्ही त्यांच्याशी सहमत नाही. कादंबरीचा वाचक दोन दिवसांत पुस्तक मिटतो; इथे रोज सकाळी चार चौकटी, आणि मग उद्यापर्यंतची प्रतीक्षा. पात्राचे आणि वाचकाचे दिवस बरोबरीने उलटतात. शेजारच्या घरातील आजाऱ्याची वार्ता आपण जशी रोज विचारतो, तशीच ही विचारपूस. मग शेजारी गेल्यावर कुटुंबाने गप्प का बसावे?

लोयोलाच्या त्या मुलांना ती खरी नव्हती, हे ठाऊक नव्हते काय? होतेच. आपल्या मृतांसाठी प्रार्थना करायला शिकलेली ती मुले होती. त्यांच्या वयाला साजेशी थोडी मौजही त्यात असेल. तिने शोक खोटा ठरत नाही.

अवघ्या ५२ दिवसांनी, ७ डिसेंबरला, पर्ल हार्बरवर बाँब पडले. त्या पिढीतील मुले युद्धावर गेली आणि खऱ्या मृत्यूच्या तारा घरोघर येऊ लागल्या. कॅनिफने १९४६ च्या अखेरीस मालिका सोडली. दुसऱ्या हाताने ती २५ फेब्रुवारी १९७३ पर्यंत चालविली. त्यानंतरही १६ ऑक्टोबर जवळ आला, की रेवनची आठवण काढणारे एखादे पत्र कॅनिफच्या टपालात असे.