रिपॉझिटरीच्या दाराला कुलूप कधी लागलं?

संशोधन सुरू केलं की पहिल्या महिन्यातच कोणीतरी सांगतं, "कोड गिटवर टाका." तुम्ही टाकता. पत्त्याच्या सुरुवातीला एचटीटीपीएस दिसतं आणि तुमच्यापुरता विषय संपतो. पण ती अक्षरं तिथे कशी आली, हे माहीत असलं तर आपलं काम कोणापासून आणि किती सुरक्षित आहे, हे तुम्हाला स्वतः ठरवता येतं.

वाचताना तीन प्रश्न वेगळे ठेवा. रिपॉझिटरी कोण वाचू शकतं? कोण बदलू शकतं? आणि गुपचूप बदल झाला तर तो कळेल का?

ओळखीच्यांचं जाळं

१९८० च्या दशकात आरसीएससारखी साधनं एकाच संगणकावर चालत. सीव्हीएस आलं आणि पुढे त्यात दूरच्या सर्व्हरशी जोडणारी 'पीसर्व्हर' ही सोय झाली. तिच्यात पासवर्ड खऱ्या अर्थाने कूटबद्ध होतच नव्हता. एका अक्षराच्या जागी दुसरं ठरलेलं अक्षर, एवढंच. मध्ये बसून ऐकणाऱ्याला तो सहज उलगडता येई.

आज आपण म्हणतो, "किती बेफिकीर लोक!" इतिहासाच्या विद्यार्थ्याने इथेच थांबायला हवं. त्या काळचं जाळं कोणाचं होतं ते बघा. आपल्याकडे १९८६ मध्ये सुरू झालेलं अर्नेट हे शिक्षण आणि संशोधन संस्थांचं जाळं होतं. मुंबईतली एनसीएसटी त्यात होती आणि तिचं मूळ कुलाब्याच्या टीआयएफआरमध्ये. गिरगावातल्या चाळीत दिवसभर दारं उघडी असायची ती सगळे सगळ्यांना ओळखत म्हणून. या जाळ्याचंही तसंच होतं.

१५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएलने मुंबईसह मोठ्या शहरांत इंटरनेट सर्वसामान्यांना खुलं केलं. मोडेम आणि फोनची लाइन असली की लालबागच्या खोलीतूनही जगाशी जोडता येऊ लागलं. जगात इतरत्रही त्याच सुमारास हेच घडत होतं. सीव्हीएस तेच राहिलं, पण चाळीबाहेरची माणसं जिन्यावर आली. म्हणजे साधन न बदलता त्याचा धोका बदलला. संशोधनप्रश्न मांडताना हा फरक लक्षात ठेवा.

वेबचा आधार का घेतला?

१९९५ मध्येच फिनलंडमध्ये एसएसएच तयार झालं. त्याने पासवर्डचा प्रश्न सुटला, पण नेहमीच्या पद्धतीत प्रत्येक सहभागीला सर्व्हरवर खातं द्यावं लागे. शिवाय कॉलेजांच्या आणि कंपन्यांच्या फायरवॉल त्याला बऱ्याचदा अडवत.

२००० साली सुरू झालेल्या सबव्हर्जनने (१.० आवृत्ती २००४ ची) वेगळी वाट धरली. त्याने अपाचे हा प्रचलित वेब सर्व्हर आणि वेबडॅव्ह हा प्रोटोकॉल वापरायची सोय ठेवली. त्यामुळे कूटबद्ध जोडणी, लॉगिन, आणि अमक्या फोल्डरला फक्त वाचण्याची, तमक्याला लिहिण्याचीही परवानगी, हे सगळं तयारच मिळालं. वेबची वाहतूक फायरवॉल सहसा अडवत नाही, हा आणखी एक फायदा. वेबवर जाण्याचं कारण निव्वळ "प्रगती" नव्हतं. रोजच्या अडचणींवरचा तो व्यवहारी तोडगा होता.

दोन चोऱ्या

नोव्हेंबर २००३. लिनक्स कर्नलचा मूळ कोड बिटकीपरमध्ये होता आणि लोकांच्या सोयीसाठी त्याची एक प्रत सीव्हीएसमध्ये ठेवलेली होती. कोणीतरी त्या प्रतीत दोन ओळी घुसवल्या. दिसायला ती साधी तुलना होती. पण दोन बरोबर-चिन्हांऐवजी एकच होतं, त्यामुळे तो कोड चालवणाऱ्याला यंत्राचा पूर्ण ताबा मिळाला असता. प्रत मूळाशी जुळत नाही, हे लक्षात आल्यामुळे डाव फसला. इथे तिसरा प्रश्न कामी आला.

२००५ मध्ये आलेल्या गिटने ही पडताळणी रचनेतच बसवली. प्रत्येक कमिटचं नाव त्यातल्या मजकुरावरून आणि आधीच्या कमिटवरून गणिताने काढलं जातं. जुन्या ओळीत एक अक्षर बदललं, तर पुढची सगळी नावं बदलतात.

मग प्रश्न मिटला? नाही. २८ मार्च २०२१ ला पीएचपी या भाषेच्या अधिकृत गिट सर्व्हरवर दोन घातक कमिट आले. त्यांवर नावं होती प्रकल्पातल्या दोन प्रमुखांची, रास्मुस लेरडॉर्फ आणि निकिता पोपॉव्ह यांची. पहिला कमिट तर टंकदोष दुरुस्त केल्याचं सांगत होता. हे कमिट एचटीटीपीएसवरून, पासवर्डच्या वाटेने आले होते, असं तपासात पुढे आलं. जोडणी कूटबद्धच होती, कमकुवत होती ती ओळख पटवण्याची पद्धत. सहकाऱ्यांनी बदल वाचले म्हणून ते काही तासांत पकडले गेले, आणि प्रकल्पाने आपलं घर गिटहबवर हलवलं.

तुमच्यासाठी

पोथीच्या शेवटी लेखनिकाचं नाव असलं, तरी आपण ते लगेच खरं मानत नाही. कागद, हस्ताक्षर, इतर प्रती पडताळतो. गिटमधलं लेखकाचं नावही तसंच आहे. ते कोणीही टाइप करू शकतं. कमिटवर डिजिटल सही असेल, तर त्या नावाला आधार मिळतो.

वाचणं खुलं ठेवायला घाबरू नका. मुंबईच्या एक टाइप या गटाने 'मुक्त' हा देवनागरी फाँट खुल्या परवान्याखाली गिटहबवर ठेवला आहे. कोणीही प्रत घ्यावी, पण मूळ रिपॉझिटरीत बदल करायचा हक्क गटाकडेच. पहिला आणि दुसरा प्रश्न वेगळे ठेवले की असं जमतं.

मात्र काही गोष्टी दारातून आत येऊच देऊ नका. समजा तुम्ही परळच्या एखाद्या रुग्णालयातल्या नोंदींवर काम करताय आणि रुग्णांच्या नावांची फाइल चुकून कमिट झाली. पुढच्या कमिटमध्ये ती काढून टाकली, तरी इतिहासात ती राहतेच. जो गुण चोरी पकडतो, तोच इथे रुग्णाच्या मुळावर येतो. इतिहास नव्याने लिहून ती पुसता येते, पण तोवर कोणी प्रत घेतली असेल तर ती परत आणता येत नाही. म्हणून अशी फाइल रिपॉझिटरीच्या फोल्डरबाहेर ठेवा, आणि पहिल्या कमिटच्या आधीच ठेवा.