व्हँडेलियाची मुदतबंद राजधानी
अमेरिकेतील इलिनॉय राज्याच्या १८१८ च्या घटनेने नव्या राजधानीस वीस वर्षांची मुदत घातली होती. १८२० मध्ये व्हँडेलिया येथे उभारलेले पहिले विधिभवन १८२३ मध्ये जळाले. त्याच्या जागी आलेली दुसरी इमारत लवकरच जीर्ण झाली. राजधानी हातची जाऊ नये म्हणून १८३६ मध्ये नगरवासीयांनी पुढाकार घेऊन तिसरी, विटांची इमारत बांधविली. तथापि १८३७ मध्ये विधिमंडळाने स्प्रिंगफील्डची निवड केली. लिंकनप्रभृती सँगॅमन परगण्याचे प्रतिनिधी त्यात अग्रेसर होते. १८३९ मध्ये स्प्रिंगफील्डचे विधिभवन अपुरे असल्याने सभागृहे चर्चमध्ये भरली. यावरून राजधानीचे स्थैर्य इमारतीच्या भक्कमपणापेक्षा राजकीय बलाबलावर अवलंबून होते, असे दिसते. व्हँडेलियाची ती वास्तू मात्र आजही उभी आहे.