'तुळजापूर'मधला 'ळ' कीबोर्डवर कुठे असतो?

'ळ' सापडला नाही की अनेकजण 'तुलजापूर' लिहून मोकळे होतात. पण संगणकासाठी ही दोन वेगळी अक्षरे आहेत. युनिकोडमध्ये 'ल'चा क्रमांक ०९३२, तर 'ळ'चा ०९३३. त्यामुळे यादीत 'तुळजापूर' शोधले तर 'तुलजापूर' लिहिलेली नोंद सुटू शकते.

कळेवर छापलेले इंग्रजी अक्षर तेच राहते. उमटणारे अक्षर निवडलेल्या मांडणीनुसार बदलते. भारतीय भाषांसाठीच्या इनस्क्रिप्ट या प्रमाण मांडणीत 'एन' दाबल्यास 'ल', तर शिफ्ट धरून 'एन' दाबल्यास 'ळ' येतो. तसेच 'जे'वर 'र', शिफ्टसह 'दऱ्या'मधला 'ऱ'.

तरीही अक्षर सापडत नसेल, तर विंडोजमध्ये मराठी कीबोर्ड निवडून 'ऑन-स्क्रीन कीबोर्ड' उघडा आणि त्यावरील शिफ्ट दाबा. लपलेली अक्षरे समोर दिसतील.