हात लांब करणारी काठी

शनिवारी सकाळी घराजवळच्या नेट्समध्ये एक कोच साइडआर्मने पोरांना बॉल टाकत होते. साइडआर्म म्हणजे टोकाला चमच्यासारखी खोबण असलेली लांब काठी. पन्नाशीचा, पोट सुटलेला माणूस, पण बॉल काय सणसणीत येत होता! घरी येऊन वाचत बसलो, तर मंडळी, ही युक्ती चक्क हिमयुगातली निघाली.

तेव्हा बॉलच्या जागी भाला होता. हातभर काठीच्या टोकाला आकडा, भाल्याच्या मागच्या टोकाला खळगा. आकडा खळग्यात अडकवायचा आणि काठी फिरवायची. खांदा तेवढाच फिरतो, पण काठीचं टोक मोठ्या वर्तुळात फिरतं, म्हणून भाला जास्त वेगाने सुटतो. शाळेत शिकलेली तरफ, दुसरं काही नाही! शिकाऱ्याचा फायदा हा, की जनावराच्या फार जवळ जावं लागत नाही. फ्रान्समध्ये कोंब सोनिएरच्या गुहेत रेनडियरच्या शिंगाचा असा आकडा सापडलाय, १७ हजार वर्षांहून जुना. मेक्सिकोचे अ‍ॅझ्टेक याला अ‍ॅटलाटल म्हणत.

ऑस्ट्रेलियाच्या मूळ रहिवाशांनी मात्र ही काठी विसाव्या शतकापर्यंत वापरली. सिडनीकडच्या धारुग भाषेत तिचं नाव वूमेरा. पश्चिमेच्या वाळवंटातली वूमेरा रुंद आणि खोलगट, म्हणजे परातीचंही काम करणारी. मुठीला डिंकाने बसवलेली दगडी कपची, कापायला. तिची कड लाकडावर घासून विस्तवही पाडत. एकदम ऑल-इन-वन!

१९४७ साली दक्षिण ऑस्ट्रेलियात रॉकेट चाचण्यांसाठी वसवलेल्या गावाला हेच नाव दिलं. दूर फेकणारं ते वूमेरा. नाव अगदी चपखल, नाही का?

पण १९६४ मध्ये तिथून ब्लू स्ट्रीक रॉकेट सोडायचं ठरलं, आणि ते जिथे पडू शकेल त्या वाळवंटात मार्टू लोकांच्या वीसेक बायका-मुलं राहत होती. गाडी त्यांनी कधी पाहिलेली नव्हती. सरकारी माणसं गाड्या घेऊन मागे लागली, ती घाबरून पळाली. शेवटी त्यांना जिगालाँगच्या मिशनमध्ये नेऊन ठेवलं. वूमेरा ज्यांच्या रोजच्या वापरातली, त्यांनाच वूमेरासाठी घर सोडावं लागलं.

आम्ही ऑफिसात प्रोजेक्टला नाव देतो ते दोन मिनिटांत, गूगल करून. पुढच्या वेळी जरा थांबेन म्हणतो.